डोळ्यांना आराम : ३ इंच

दादाने फोटो पाठवला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. उजव्या भुवईच्या वर चंद्रकोरीसारखी जखम, तिच्यावर तीन टाके आणि खाली सुजून जांभळा झालेला डोळा. सोबत एकच ओळ : ‘काळजी करू नको. दुर्बीण लागली.’

दुर्बीण लागते कशी, हे मला कळेना. फोन केला. आधी वहिनीचा आवाज आला, ‘विचारा ताई, विचारा तुमच्या भावाला काय पराक्रम केलाय ते,’ आणि मग दादा.

‘अगं, बंदुकीवर दुर्बीण बसवली होती. बार काढला, आणि मागं आली ती सरळ कपाळात.’

‘पण इतक्या जवळ डोळा नेलास कशाला?’

‘त्या कागदावर लिवलंय की. डोळ्यांना आराम, तीन इंच. मी म्हटलं, आराम आहे म्हणजे जवळनं बघायला हरकत न्हाई.’

दुर्बिणीच्या खोक्यातला कागद इंग्रजीत होता. दादाने त्याच्यावर फोन धरून त्याचं मराठी करून घेतलं होतं. मूळ शब्द ‘आय रिलीफ’. दुर्बिणीच्या मागच्या काचेपासून डोळा किती लांब ठेवला म्हणजे पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर. मोठ्या धक्क्याच्या बंदुकीला तीन इंच मुळातच अपुरे. त्यात दादा आरामाच्या भरवशावर आणखी पुढे सरकला. फोनची चूक तरी काय म्हणायची? आय म्हणजे डोळा, रिलीफ म्हणजे आराम. दोन्ही शब्द शब्दकोशात तसेच सापडतील. वीस वर्षं मी भाषांतर करते. माझ्या चुकीमुळे आजवर कुणाला टाके पडलेले नाहीत. निदान माझ्या कानावर तरी आलेलं नाही.

दादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. आमचं गाव आजऱ्याजवळ, कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, जिथून कोकणही जवळ आणि कर्नाटकही. घनसाळ भाताचा वास, जांभ्याचा माळ, काजू, थोडा ऊस, उतारावर भुईमूग. आणि डुकरं. रानडुकराने एका रात्रीत भुईमुगाचं वावर कसं केलेलं असतं, ते पाहिल्याशिवाय कळत नाही. खायचं तेवढं खाऊन गेलं असतं तर गोष्ट वेगळी. ते नांगरल्यासारखी जमीन उलथून जातं. गवे येतात ते वेगळेच. त्यांच्यापुढे डबा वाजवायचा आणि देवाचं नाव घ्यायचं, दुसरा उपाय नाही.

घरात बंदूक तीन पिढ्यांची. आजोबांची ठासणीची होती : नळीत दारू, मग चिंध्या, मग छर्रे, वरून गजाने ठासायचं. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, हे मला पुढे फार उशिरा कळलं. लहानपणी मला वाटायचं ती आजोबांच्या हट्टामुळे घरात आहे. काकांनी काडतुसाची बारा बोअरची एकनळी घेतली, आणि काका गेल्यावर परवाना दादाच्या नावावर झाला. ती बंदूक सव्वातीन किलोच्या आसपास. दादाचे गुडघे पन्नाशीनंतर कुरकुरायला लागले, रात्री तीन-तीनदा माळावर चढायचं, म्हणून त्याने ती बदलून हलकी एकनळी घेतली. अडीच किलो. ‘काठीसारखी वाटते हातात,’ असं कौतुकाने सांगितलं होतं. दुकानदाराने तिच्यावर पट्टी ठोकून दुर्बीणही बसवून दिली. दुर्बीण होती छऱ्याच्या हवेच्या बंदुकीची.

डुक्कर असंच मारता येत नाही, हे सांगून टाकते, कारण या मजकुराचे वाचक शहरातले आहेत आणि त्यांच्या मनात तो प्रश्न येणारच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्याच्या अकराव्या कलमाखाली पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठी वनखात्याची परवानगी मिळू शकते. दादाकडे तो कागद होता. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, तीही तो निमूट जमा करतो. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या. विधानसभेचं मतदान नोव्हेंबरात, म्हणजे ऐन सुगीत. ‘डुकरांना आचारसंहिता कोण सांगणार,’ एवढंच म्हणाला होता.

टाके निघाल्यावर दादाने मला इंग्रजीतला एक लेख पाठवला. कुणाकडून तरी छापून आणलेली बारा पानं, विषय हलक्या स्लग बंदुका : त्यांना दुर्बीण कुठली निवडावी आणि धक्का कसा आवरावा. ‘आता फोनवर इस्वास न्हाई. तूच करून दे.’ त्याच्या पहिल्या पानाचं फोनने केलेलं मराठीही जोडलं होतं. शीर्षक : ‘हलक्या गोगलगाय बंदुका’. इंग्रजीत स्लग म्हणजे बिनशंखाची गोगलगायही होते. मी एकटीच बराच वेळ हसत बसले, आणि मग तो टाक्यांचा फोटो आठवून थांबले.

मी तमिळमधून मराठीत कथा-कादंबऱ्या आणते. राहते कोवलमला, चेन्नईहून दक्षिणेला जाणाऱ्या ईसीआर रस्त्यावर. एकीकडे कोळ्यांचं गाव, दुसरीकडे लाटांवर फळ्या घेऊन झुलणारी पोरं, मधे दर्गा आणि चर्च. बंदुकीवरचा लेख मराठीत आणायला यापेक्षा गैरसोयीची जागा शोधूनही सापडली नसती. हाताशी शब्द नव्हते असं नाही. मराठीला बंदुकीचे शब्द भरपूर आहेत. काडतूस पोर्तुगीजांनी आणलं, दुर्बीण फारसीने. चाप, घोडा, दस्ता, नळी, पुढची माशी. नेम हा तर फारच चांगला शब्द. धरायचाही असतो आणि पाळायचाही. पण हे सगळे शब्द ठासणीच्या आणि छऱ्याच्या बंदुकीचे. स्लग म्हणजे छऱ्यांऐवजी एकच मोठी शिशाची गोळी घातलेलं काडतूस. दादाच्या तोंडात त्याला आयता शब्द होता, ‘एकगोळी’. मी तोच घेतला.

अमेरिकेत हा प्रकार का वाढला, ते लेखात ओघाने आलं होतं. आयोवा, इलिनॉय, इंडियाना, ओहायो अशा सपाट, वस्तीच्या राज्यांत रायफलची गोळी फार लांब जाते म्हणून हरणाच्या शिकारीला बरीच वर्षं रायफलला मनाई होती. मग लोकांनी बारा बोअरच्या बंदुकीतून एकगोळी मारायला सुरुवात केली. जर्मनीत ब्रेनेकेने १८९८मध्ये अशी गोळी बनवली होती, अमेरिकेत फॉस्टरने १९३१मध्ये. बंदूक छऱ्यांसाठी, पक्ष्यांसाठी केलेली. तिच्यातून आता हरणाएवढ्या जनावरासाठी एक औंसाची गोळी. दादा आणि आयोवातला तो शेतकरी एकाच अडचणीत होते : उडत्या पाखरासाठी केलेलं हत्यार, आणि समोर डुक्कर.

तिसऱ्या पानावर ‘रिकॉइल’पाशी अडले. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला ‘प्रतिक्षेप’ म्हटलेलं असतं. शब्द बरोबर आहे, पण त्याने कुणाचा खांदा दुखत नाही. इंग्रजी शब्द फ्रेंच रेक्युलेवरून आला, आणि त्याच्या पोटात लॅटिनमधला पार्श्वभाग आहे : मागच्या मागे सरकणे. तमिळमध्ये बोलताना सरळ ‘उदै’ म्हणतात, लाथ. गावाकडेही म्हणतात, बंदूक लाथ मारते. मी ‘धक्का’ लिहिलं आणि जिथे लेखकाचा आवाज चढला तिथे ‘लाथ’.

लाथ किती, हे आकड्यांत होतं, पण पौंडांत आणि फुटांत. दादाला त्याचा उपयोग नव्हता. आमच्या शेजारी एक निवृत्त भौतिकशास्त्राचे शिक्षक राहतात. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर कागद घेऊन बसले. ‘सार, अठ्ठावीस ग्रॅमची गोळी, सेकंदाला चारशे ऐंशी मीटर.’ त्यांनी मला बंदूक कशाला हवी आहे असं विचारलं नाही. गणित मिळालं की त्यांना बाकीचं लागत नाही. दारूच्या वायूचा हिशेब सोडून, नुसत्या गोळीचा धरला. गोळी जेवढी ओढ घेऊन पुढे जाते तेवढीच बंदूक घेऊन मागे येते. सव्वातीन-साडेतीन किलोची बंदूक असेल तर ती सेकंदाला चारेक मीटर वेगाने मागे येईल. अडीच किलोची असेल तर साडेपाचच्या जवळ. पण खांद्याला वेग कळत नाही, मार कळतो. आणि मार वेगाच्या वर्गाने वाढतो. साडेतीन किलोला सुमारे २६ ज्यूल, अडीच किलोला ३६. वजन एक किलोने कमी केलं, आणि मार दीडपटीच्या जवळ गेला. वायूचा भाग धरला तर दोन्ही आकडे आणखी वर जातात.

‘ज्यूल म्हणजे त्याला काय कळणार?’ मी म्हणाले.

सार विचार करून म्हणाले, अडीच किलोची अम्मीची कुळवी दीड मीटरवरून सोडली तर जेवढी लागेल तेवढी. अम्मी म्हणजे पाटा, कुळवी म्हणजे वरवंटा. तमिळमध्ये कुळवी म्हणजे तान्हं बाळही. आपल्याकडे बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात, ते मी त्यांना सांगितलं, आणि पुढचा अर्धा तास बंदूक बाजूलाच राहिली. पण दादाच्या भाषांतरात मी लिहिलं : ‘छातीएवढ्या उंचीवरून खांद्यावर पडलेला वरवंटा.’ त्याने ते वाचून दाखवल्यावर वहिनी म्हणाली म्हणे, ‘मग एवढं बंदुकीचं कशाला, मीच टाकते की.’

दुर्बिणीची पानं सोपी होती. सोपी म्हणजे, एकदा गोष्ट कळल्यावर सोपी. हवेच्या बंदुकीची दुर्बीण एकगोळीला का चालत नाही, ते आकड्यांतच दिसतं : परवान्याशिवाय मिळणाऱ्या हवेच्या बंदुकीची ताकद आपल्याकडे २० ज्यूलपर्यंत, आणि या गोळीची तीन हजारांच्या वर. तिथे तीन इंच चालून जातात, कारण मागे काही येतच नाही. एकगोळीच्या बंदुकीला चार इंच तरी अंतर देणारी दुर्बीण हवी, जास्त मिळाले तर उत्तमच. लांबचं मोठं करून दाखवण्याची हौस नको. गुळगुळीत नळीतून मारलेली एकगोळी पन्नास-पाऊणशे पावलांपुढे भरवशाची राहत नाही, मग नऊपट मोठं करून पाहायचं काय? दीडपट, दोनपट, फार तर चौपट. दादाची होती तीन ते नऊपट, पुढची काच चाळीस मिलिमीटरची. चाळीसला नवाने भागलं की साडेचार मिलिमीटरची उजेडाची कांडी डोळ्यात येते. अंधारात बाहुली त्याहून मोठी उघडते, म्हणजे दिसायला हवं त्यापेक्षा कमीच दिसतं. ‘तरीच,’ दादा म्हणाला. ‘मला वाटायचं मोतीबिंदू आला. नुसते राठ केस दिसायचे. डुकराचा कुठला भाग ते कळायचं न्हाई.’

आणि एक गोष्ट, जी मला फार आवडली. दुर्बीण नळीच्या वर बसते, म्हणून गाल दस्त्यावर टेकला की डोळा तिच्या खालीच राहतो. मग माणूस गाल उचलतो, मान लांबवतो, आणि मान लांबली की डोळा पुढे जातो. म्हणजे दादा जवळ गेला तो केवळ आरामाच्या शब्दामुळे नाही. त्याच्या बंदुकीनेच त्याला पुढे बोलावलं होतं. दस्त्यावर गालाशी कातड्याची उंची देणारी गादी बांधायची, एवढा साधा उपाय लेखात होता. हे वाचल्यावर त्या फोनमधल्या भाषांतराबद्दल माझा राग थोडा कमी झाला.

पुढच्या पानावर मात्र मला शब्दच मिळेना. ‘फ्लिंच’. चाप ओढण्याच्या आधीच, धक्का येणार हे माहीत असल्यामुळे, डोळे मिटतात, खांदा पुढे रेटतो, नळी खाली जाते. दचकणं नव्हे, दचकणं नंतरचं. कचरणं मनाचं आहे, अंगाचं नाही. मी दोन दिवस तो शब्द मोकळा सोडून पुढची पानं केली.

मग मला माझाच बार आठवला. मी तेरा-चौदा वर्षांची असेन. दिवाळीच्या सुट्टीत आजोबांच्या मागे लागून खळ्यावर ठासणीची बंदूक मारली होती. आवाज झाला, धूर झाला, मी मागे भाताच्या पेंढ्यांवर. आठवडाभर खांद्यावर निळा डाग, आणि मी तो मिरवला. पण दुसऱ्यांदा मारायची वेळ आली तेव्हा काय झालं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. चापावर बोट ठेवलं आणि आपोआप डोळे मिटले. बार उडालाच नाही, केप ओली होती. तरी नळी हातभर खाली गेली. आजोबांनी पाहिलं. हसले नाहीत. म्हणाले, ‘खांदा बुजला.’

बुजतो तो बैल. एकदा पुलावर घसरला की पुढे प्रत्येक पुलाशी थबकतो. पूल चांगला आहे हे त्याला सांगून उपयोग नसतो. आजोबांनी बैलाचा शब्द खांद्याला लावला, आणि बत्तीस वर्षांनी मी तो समुद्राच्या काठी बसून एका अमेरिकन लेखाला लावला. इतका बरोबर बसलेला शब्द माझ्या छापील पुस्तकांतही फारसा नाही.

बुजण्यात निम्मा भाग कानाचा असतो, असं लेख सांगतो. म्हणून कान झाका, आधी हलक्या काडतुसांनी सराव करा. आमच्या कोवलमला याचा जुना दाखला आहे. मेकॉलेने १८४० साली क्लाइव्हवर लिहिलेल्या निबंधात तो येतो. १७५२मध्ये क्लाइव्ह इथला किल्ला घ्यायला आला तो दोनशे कच्चे गोरे रंगरूट आणि नुकतेच भरती केलेले पाचशे शिपाई घेऊन. किल्ल्यातून आलेल्या गोळीने एक जण पडला आणि बाकी सगळे पाठ फिरवून पळाले. दुसऱ्या एका वेळी तोफेच्या नुसत्या आवाजाने पहारेकरी इतके घाबरले की त्यांतला एक काही तासांनी विहिरीच्या तळाशी सापडला. क्लाइव्ह स्वतः पुढे उभा राहून त्यांना हळूहळू सरावला, असं मेकॉले लिहितो, आणि किल्ला पडला. आता तिथे मोठं हॉटेल आहे. क्लाइव्हबद्दल मला प्रेम नाही. विहिरीतल्या त्या माणसाबद्दल मात्र आहे. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

डिसेंबरात मी गावी गेले. भाषांतर छापून नेलं होतं, पण दादाला वाचण्यापेक्षा करून पाहायचं होतं. लेखात एक युक्ती होती : खऱ्या काडतुसांत नकली मिसळायची. बार उडाला तर बंदूक एवढी उसळते की खांदा आधी हलला की नंतर, ते कुणालाच कळत नाही. नकली असलं की सगळं उघडं पडतं. दादाने जुन्या रिकाम्या काडतुसांत वाळू भरली आणि बुडाशी रबर बसवलं. दुर्बीण काढून ठेवली होती. जांभ्याच्या दरडीला पोतं टेकवलं, वीस पावलांवर. तो दरडीकडे तोंड करून उभा, मी बाजूला काडतूस घालून बंदूक मिटून त्याच्या हातात द्यायची.

पहिलं खरं. बार झाला, पोत्याच्या वरची माती उडाली. दुसरं नकली.

टक् असा आवाज झाला आणि दादाची नळी वीतभर खाली गेली. डोळे घट्ट मिटलेले. खांदा पुढे. क्षणभर तो तसाच उभा होता, न आलेल्या लाथेला तोंड देत. मग डोळे उघडले आणि त्याने नळीकडे पाहिलं, आणि मला वाटलं आपण हे पाहायला नको होतं. छप्पन्न वर्षांचा माणूस, गावात नेमबाज म्हणून नाव असलेला.

आम्ही दरडीशी बसलो. तंबाखू मळताना त्याने सांगितलं.

आदल्या वर्षीच्या सुगीत, नवीन बंदूक घेऊन महिना झाला असेल, चाळीस पावलांवर डुक्कर होतं. त्याने बार काढला. लागलं, पण मागे, मांडीत. बॅटरीच्या उजेडात रक्त दिसलं ते शेजाऱ्याच्या उसात शिरेपर्यंत. रात्री उसात शिरणं म्हणजे मरण. ‘सकाळी बघू म्हटलं.’ सकाळी तो पोहोचायच्या आधी एक बाई वैरणीला गेली होती. डुकराने तिची मांडी फाडली. जगली. अजून लंगडते. दवाखान्याचा सगळा खर्च दादाने केला आणि गावात कुणी त्याला तोंडावर काही बोललं नाही.

‘म्हणून दुर्बीण,’ तो म्हणाला. ‘म्हटलं, पुन्हा चुकायला नको.’

मी बारा पानं भाषांतरित केली होती. दुर्बीण कशी निवडावी, गादी कुठे बांधावी, कुठली पट्टी नळीला धरून बसते, सगळं शब्दाला शब्द लावून. पण दुर्बीण कशासाठी, ते मला आत्ता कळत होतं. त्याचा डोळा चुकलाच नव्हता. हलकी बंदूक घेतल्यावर पहिल्या पाच-सहा बारांतच खांदा बुजला, आणि बुजलेला खांदा दुर्बिणीतून पाहिला तरी बुजलेलाच राहतो. उलट भुवईला टाके पडल्यावर त्याला आता बुजायला आणखी एक कारण मिळालं होतं. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. त्याला ते टक् झालं तेव्हाच कळलं होतं.

दस्त्याच्या मागे जाड रबरी गादी बसवली. दस्ता आत पोकळ आहे. त्यात शिशाचे छर्रे पिशवीत बांधून भरले, सहाशे ग्रॅम. सारांच्या हिशेबाने ३६चे २९ ज्यूल झाले. वजन एकतीसशे ग्रॅमवर गेलं. दादाने उचलून पाहिली आणि म्हणाला, ‘म्हंजे आप्पांचीच झाली की परत.’ आप्पा म्हणजे काका. गुडघ्यांचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाला, गुडघे दुखतात ते माझे मला दुखतात.

रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं, काडतुसं फारशी न उडवता, नकलीवरच सराव. दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट. हाडावर नाही, दंडावर नाही. सैल धरली तर लाथ मोठी लागते, हे गावातल्या कुणालाही माहीत असतं, आणि घाबरलेला माणूस नेमकी तीच सैल धरतो. मी माशीवर एक नाणं ठेवायचे. चाप ओढल्यावर ते पडलं नाही की एक बार जमला. पहिल्या दिवशी दहापैकी दहा वेळा पडलं. मी निघाले तेव्हा दहात चारदा पडत होतं. सुगीला बंदूक घेऊन माळावर जायचं की नाही ते त्याने तेव्हा ठरवलं नव्हतं. पंचवीस पावलांच्या पुढचं डुक्कर सोडायचं, एवढं मात्र ठरवलं होतं, आणि भुईमुगाऐवजी उतारावर दुसरं काही करता येईल का याची चौकशी सुरू होती. वहिनीचं म्हणणं, कशाला डुकराशी वैर, डबा वाजवा. ती वाजवतेही. रात्री दोनला, पत्र्याचा, काठीने.

‘आय रिलीफ’साठी मी शेवटी ‘भुवईपासूनचं अंतर’ लिहिलं होतं. दादाने माझ्या छापील पानावर ते पेनने खोडलं आणि वर लिहिलं, ‘टाक्याचं अंतर’. ते मी तसंच ठेवलं आहे.

दुर्बीण परत द्यायला गेलो तर दुकानदाराने घेतली नाही. ती आता वहिनीकडे असते. संध्याकाळी ओट्यावर बसून समोरच्या डोंगराच्या सोंडेवर गवे उतरताना पाहते. हवेच्या बंदुकीची दुर्बीण, नऊपट, उजेड असेपर्यंत चांगली दिसते म्हणते. परवा फोनवर सांगत होती, एका गव्याचं शिंग मोडलंय, आणि मागे एक वासरू आहे.